बाळाच्या लघवीतून विषाणूचा माग

पाऊस चांगला मुरला, शेतात केळीच्या बागांमधून पाणी साचू लागले, की मुक्ताईनगर आणि आसपासच्या खेड्यांतील दवाखान्यांत एक दृश्य दर वर्षी दिसते. तीन-चार महिन्यांचे बाळ आईच्या मांडीवर असते. आधी नुसती सर्दी होती, मग दूध ओढेनासे झाले. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जातो. घरची आजी म्हणते, "पोट उडतंय." हे निदान शास्त्रीय भाषेत नसले तरी निरीक्षण म्हणून अगदी अचूक आहे.

या बाळांपैकी पुष्कळांच्या छातीत जो विषाणू शिरलेला असतो त्याचे नाव आरएसव्ही, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. १९५६ साली अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये तो प्रथम सापडला आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या बाळांमध्येही आढळला. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची एकदा तरी लागण होते. बहुतेकांना सर्दीखोकल्यापुरतीच. काही बाळांमध्ये मात्र तो फुफ्फुसातील अगदी बारीक श्वासनलिकांपर्यंत उतरतो, त्यांना सूज येते, आतील पेशी झडतात, चिकट द्राव साचतो आणि मोठ्या माणसाला जाणवणारही नाही एवढ्या सुजेने बाळाची नळी बंद होते. २०१९ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालील सुमारे १ लाख १ हजार मुले या विषाणूमुळे दगावली असा अंदाज आहे. त्यांपैकी रुग्णालयात दगावलेली मुले सुमारे २६ हजार. म्हणजे चारांतील तीन मुले डॉक्टरांच्या नजरेआडच गेली.

हे आपल्यापासून दूर कोठे तरी घडते असे समजण्याचे कारण नाही. मुक्ताईनगरच्या उत्तरेला जो सातपुडा दिसतो, त्याच रांगेत पूर्वेला मेळघाट आहे. तेथे २०१६ ते २०१८ या काळात डॉ. आशिष सातव यांची 'महान' ही संस्था, अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे डॉ. एरिक सिमोएस आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था यांनी मिळून ९३ गावांतील दोन वर्षांखालील मुलांवर लक्ष ठेवले. आजारी मुलांच्या, आणि दगावलेल्या मुलांच्याही, नाकातील स्राव तपासण्यात आला. घरीच मरण पावलेल्या बाळांमध्ये आरएसव्ही किती, हे तोपर्यंत फारसे कोणी मोजलेच नव्हते. रुग्णालयाच्या नोंदवहीवर विसंबले असते तर त्यांतील बरीच बाळे हिशेबात आलीच नसती.

नाकातील स्रावाच्या तपासणीने विषाणू कोणता हे समजते. पण एकाच विषाणूने एक बाळ दोन दिवस शिंकते आणि दुसरे ऑक्सिजनवर जाते, हे का? त्यातून बरे झालेल्यांपैकी काहींची छाती पुढची दोन-तीन वर्षे वारंवार घरघरत राहते, ती कोणाची राहणार हे आधी कळेल का? नाकातला विषाणू याचे उत्तर देत नाही. ते शोधायचे तर बाळाच्या शरीरात काय चालले आहे हे पाहिले पाहिजे, आणि तेही सुई न टोचता. चार किलो वजनाच्या बाळाचे रक्त पुन्हा पुन्हा काढणे कोणत्याच आईला आवडणार नाही, आम्हालाही आवडत नाही. म्हणून नजर लघवीकडे जाते.

लघवीवरून आजार ओळखणे ही कल्पना जुनीच आहे. मुंग्या लागणारी गोड लघवी आपल्या प्राचीन वैद्यांना ठाऊक होती, मधुमेह हा शब्दच त्याची साक्ष देतो. बाळांच्या बाबतीतला मोठा टप्पा मात्र लंगोटावर सापडला. काही बाळांचे लंगोट हवेत राहिले की काळे पडतात. लंडनचे डॉक्टर आर्चिबॉल्ड गॅरड यांनी १९०२ साली दाखवून दिले की हा जंतूंचा प्रताप नसून शरीरातील रासायनिक क्रियांच्या साखळीतला एक दुवा जन्मतःच निखळलेला असल्याचा परिणाम आहे. पुढे १९३४ मध्ये नॉर्वेत आस्ब्यर्न फॉलिंग यांनी मतिमंद असलेल्या दोन भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातले, तेव्हा ती हिरवी झाली. त्यातून फेनिलकीटोन्युरिया हा रोग कळला आणि आज अनेक देशांत प्रत्येक नवजात बाळाची त्यासाठी तपासणी होते. या दोन्ही उदाहरणांत एकच पदार्थ प्रचंड वाढलेला होता. नुसत्या डोळ्यांना दिसावा इतका.

विषाणूच्या संसर्गात असे काही काळे-हिरवे दिसत नाही. तेथे शेकडो पदार्थ थोडे थोडे वरखाली होतात. १९७१ साली लायनस पॉलिंग यांनी लघवीच्या वाफेत सुमारे २८० निरनिराळे पदार्थ मोजून दाखवले, आणि २०१३ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मानवी लघवीत आढळणाऱ्या पदार्थांची यादी केली ती तीन हजारांवर गेली. अन्नातून ऊर्जा काढताना, प्रथिने घडवताना आणि मोडताना, म्हणजेच चयापचयात, जे छोटे रेणू तयार होतात त्यांना चयापचयज पदार्थ म्हणू या. यातले नको असलेले आणि सांडलेले मूत्रपिंड गाळून बाहेर टाकते. कारखान्याच्या मागच्या दाराने निघणारे सांडपाणी पाहून आत कोणता माल तयार होतो आहे आणि कोठे यंत्र अडले आहे याचा अंदाज बांधावा, तसे हे काम आहे.

विषाणूला स्वतःचे चयापचय नसते, ही गोष्ट आठवी-नववीच्या मुलांना सांगताना आपण सहसा एका वाक्यात उरकतो. येथे तीच कळीची आहे. आरएसव्हीजवळ जेमतेम दहा जनुके आहेत. नवे विषाणू घडवायला लागणारी ऊर्जा, अमिनो आम्ले, मेदाचे रेणू हे सर्व तो बाळाच्या पेशीकडून घेतो. पेशीही गप्प बसत नाही, ती प्रतिकारासाठी आपला साठा खर्च करते. या ओढाताणीचा हिशेब रक्तात आणि तेथून लघवीत उतरतो. म्हणजे लघवीत आपण विषाणू शोधत नसतो, विषाणूने केलेला खर्च शोधत असतो.

हे शेकडो पदार्थ एका दमात मोजायचे कसे? एक साधन म्हणजे अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन, थोडक्यात एनएमआर. हायड्रोजनचे अणुकेंद्र हे एक अतिसूक्ष्म चुंबक असते. त्याला बाहेरच्या शक्तिमान चुंबकीय क्षेत्रात ठेवले की ते एका ठराविक कंपनसंख्येच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देते. नेहमीच्या वापरातील एका यंत्रात हे क्षेत्र सुमारे १४ टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या काही लाख पट, आणि तेथे हायड्रोजनची कंपनसंख्या ६०० मेगाहर्ट्‌झ येते. एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या सहापट म्हणा. गंमत पुढेच आहे. हायड्रोजनच्या शेजारी कोणते अणू आहेत यावरून ही कंपनसंख्या किंचित बदलते, दहा लाखांत एखाद-दुसऱ्या भागाने. म्हणून अलॅनिनमधला हायड्रोजन एका जागी बोलतो, लॅक्टिक आम्लातला त्याच्या जवळच पण वेगळ्या जागी. रेडिओची तबकडी फिरवताना आकाशवाणी जळगाव एका खुणेवर लागते आणि दुसरे केंद्र जरा पुढे, तसेच. आवाज जितका मोठा, तितका तो पदार्थ जास्त. अर्धा मिलिलिटर लघवी नळीत घालावी, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि कागदावर शिखरांची एक लांबलचक रांग उमटावी. अल्बर्टाच्याच अभ्यासात या पद्धतीने सुमारे दोनशे पदार्थ मोजता आले. अशी यंत्रे आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आहेत. वस्तुमान वर्णपटमापक हे दुसरे साधन याहून पुष्कळ संवेदनशील आहे, पण त्याची हकीकत पुन्हा कधी तरी.

आता निष्कर्ष पाहू. २०१८ साली अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या बाळांची लघवी निरोगी असताना आणि श्वसनमार्गाचा संसर्ग झालेला असताना गोळा करून एनएमआरने तपासली. काही बाळांना आरएसव्हीचा संसर्ग होता, तर काहींना साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचा. आरएसव्ही झालेल्या बाळांच्या लघवीत निकोटिनिक आम्ल आणि निकोटिनामाइड यांच्या साखळीतले, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाच्या कुटुंबातले, काही पदार्थ निरोगी बाळांपेक्षा कमी निघाले. या जीवनसत्त्वापासून पेशी एनएडी नावाचा रेणू बनवते. ऊर्जा काढण्याच्या जवळपास प्रत्येक पायरीवर तो लागतो, आणि जखमी पेशीच्या दुरुस्तीतही तो भराभर खर्च होतो. पेशीची यंत्रणा आणि सामग्री विषाणूने आपल्याकडे वळवल्याची ही खूण असावी, असा अर्थ संशोधकांनी लावला.

दुसरा निष्कर्ष आम्हाला अधिक शिकवणारा वाटतो. आरएसव्ही झालेली बाळे आणि ऱ्हायनोव्हायरस झालेली बाळे यांच्या लघवीत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. लघवीवरून विषाणूचे नाव सांगता येईल अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांची निराशा झाली असेल. पण वर आपण काय म्हटले ते आठवा: लघवी खर्च सांगते, चोराचे नाव सांगत नाही. नाव हवे असेल तर नाकाकडेच जायला हवे.

तिसरी गोष्ट भविष्याची. ज्या आरएसव्हीग्रस्त बाळांच्या लघवीत अलॅनिन जास्त होते त्यांना पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी वारंवार घरघर होण्याचा संभव कमी दिसला. २-हायड्रॉक्सीआयसोब्युटिरिक आम्ल जास्त असेल तर तिसऱ्या वर्षी घरघरीचा संभव सुमारे पाचपट. पाचपट हा आकडा वर्तमानपत्राच्या मथळ्याला शोभेल असा आहे. मात्र त्याच्याबरोबर दिलेल्या मर्यादा वाचायला हव्यात: खरा आकडा दीडपट ते सतरापट यांच्यामध्ये कोठेही असू शकतो. गणिताच्या शिक्षकांनी वर्गात हे उदाहरण जरूर घ्यावे. शिवाय शंभर पदार्थ तपासले आणि योगायोगाची शक्यता पाच टक्के धरली, तर काहीही संबंध नसताना चार-पाच पदार्थ 'संबंध आहे' असे खोटेच ओरडतील. त्यामुळे असा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या बाळांवर पुन्हा मिळाल्याशिवाय त्याला खूण म्हणू नये.

कॅनडातून २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्राथमिक अभ्यास वेगळ्या दिशेने गेला. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात श्वसनाचा त्रास घेऊन आलेल्या मुलांची लघवी त्यांनी एनएमआरने तपासली, तेव्हा आरएसव्हीची मुले निरोगी मुलांपासून आणि जिवाणूंचा संसर्ग झालेल्या मुलांपासूनही वेगळी काढता आली. आमच्या मते व्यवहारात खरे मोल याला आहे. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. पण रात्री नऊ वाजता धापणारे बाळ समोर असताना डॉक्टरला हे दोन आजार वेगळे ओळखणे फार कठीण असते, म्हणून औषध दिलेच जाते. लघवीच्या पट्टीवर 'विषाणू' किंवा 'जिवाणू' एवढे जरी कळले तरी पुष्कळ झाले. तशी पट्टी अजून नाही.

ती का नाही, हे समजायला प्रयोगशाळेतून खाली उतरून थेट लंगोटापर्यंत यावे लागते. तीन महिन्यांचे बाळ सांगून बाटलीत लघवी करत नाही. लंगोटात निर्जंतुक कापसाचे बोळे ठेवतात आणि मग ते पिळून घेतात, किंवा चिकटपट्टीची छोटी पिशवी लावतात. पिशवी निसटते, बोळ्याला शी लागते. मग येते उष्णता. जळगाव जिल्ह्याचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे, पण पावसाळ्यातली उकडही कमी नसते. लघवीत दोन-चार जिवाणू पडले की ते युरियाचा अमोनिया करू लागतात, साखर आणि आम्ले खातात, स्वतःचे पदार्थ सोडतात. दुपारी घेतलेला नमुना संध्याकाळी तपासला तर तो बाळाची नव्हे, जिवाणूंची कहाणी सांगेल. म्हणून नमुना लगेच बर्फावर ठेवून उणे ८० अंशांपर्यंत गोठवावा लागतो. खेड्यातील उपकेंद्रापासून शीतपेटीची ही साखळी न तुटता ठेवणे हे एनएमआर यंत्र विकत घेण्याइतकेच अवघड आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

हे वर्गात दाखवायला लघवीची गरज नाही. शेतातला चमचाभर युरिया अर्धा पेला पाण्यात विरघळवा. त्यात कच्च्या सोयाबीनचे पीठ चमचाभर घालून हलवा आणि हळदीचा ओला कागद पेल्यावर न टेकवता धरा, शिवाय एक कागद पाण्यात बुडवा. थोड्या वेळाने बुडवलेला कागद लाल होतो, आणि अमोनियाचा वास येऊ लागला की वरचाही. सोयाबीनमध्ये युरिएज हे विकर असते आणि लघवीत वाढणाऱ्या अनेक जिवाणूंमध्येही तेच असते. दुसऱ्या पेल्यात नुसता युरिया, तिसऱ्यात चांगले उकळलेले सोयाबीन आणि युरिया, आणि चौथा पेला बर्फात ठेवलेला. चौथ्या पेल्यातला कागद किती उशिरा लाल होतो याची वेळ मुलांना लिहायला सांगा.

नमुना नीट मिळाला तरी अर्थ लावताना खाचखळगे आहेतच. आजारी बाळ पाणी कमी पिते, म्हणून लघवी दाट होते आणि सगळेच पदार्थ वाढलेले दिसतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक पदार्थाची क्रिएटिनिनशी तुलना करतात, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून बऱ्यापैकी ठराविक गतीने बाहेर पडते. पण बाळाचे स्नायू दर महिन्याला वाढत असतात, त्यामुळे ही मोजपट्टीच लांबत जाते. दोन महिन्यांच्या बाळाची तुलना आठ महिन्यांच्या बाळाशी करून चालत नाही. बाळ दूध ओढत नसेल तर शरीर मेद जाळते आणि लघवीत कीटोन पदार्थ येतात: ते उपाशीपणाचे चिन्ह, विषाणूचे नव्हे. तापाला पॅरासिटामॉल दिले असेल तर त्याचे अवशेष अशी उंच शिखरे उभी करतात की शेजारची छोटी शिखरे त्यांच्या सावलीत दिसेनाशी होतात. एक सोय मात्र आहे. मोठ्या माणसाच्या लघवीत चहा, तंबाखू, मिरची, भाज्या सगळे उतरते. अंगावर पिणाऱ्या बाळाचा आहार एकच असतो, म्हणून त्याची पार्श्वभूमी पुष्कळ स्वच्छ असते.

स्वच्छ, पण सगळीकडे सारखी नाही. येथे पुन्हा त्या ब-३ जीवनसत्त्वाकडे वळू. खानदेशात भाकरी ज्वारीची, कळण्याची. १९६० च्या सुमारास डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांतील पेलाग्रा या रोगाचा अभ्यास केला. ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाचे जादा प्रमाण ब-३ च्या चयापचयात अडथळा आणते, असे त्यांनी मांडले. पुढे त्यावर मतभेद झाले, पण एक गोष्ट निर्विवाद आहे: ब-३ शरीराला पुरेसे मिळते की नाही हे पाहण्याची नेहमीची चाचणी म्हणजे लघवीतील मिथाइल-निकोटिनामाइड मोजणे. टेनेसीच्या बाळांमध्ये जी साखळी विषाणूमुळे खालावलेली वाटली, तीच साखळी आईच्या आहारामुळेही खालावू शकते. बाळाला हे जीवनसत्त्व आईच्या दुधातूनच मिळत असल्याने आईचे ताट येथे बाळाच्या लघवीत दिसते. तेव्हा टेनेसीत ठरलेली 'निरोगी' पातळी मुक्ताईनगरच्या बाळाला लावली, तर धडधाकट बाळ आजारी ठरेल किंवा उलटही होईल. त्यासाठी आधी येथल्या निरोगी बाळांची, महिन्यागणिक, आहारासह नोंद हवी. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला बक्षिसे मिळत नाहीत, पण त्यावाचून पुढचे सगळे हवेत आहे.

यातले काही आज दवाखान्यात वापरायचे नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. लघवी तपासून आरएसव्ही सांगतो असे कोणी जाहिरातीत म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये. बाळाच्या बाबतीत आज उपयोगी पडणारे मोजमाप श्वासाचेच आहे: दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावेत. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, ओठ निळसर झाले असतील किंवा ते जागे होत नसेल, तर मोजत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ पासून गावातील आरोग्यदूतांना आणि दाईंना हेच शिकवले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांची पट्टी आणि एका मिनिटाची वाळूची घड्याळ बनवली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, हे काम चाललेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहूनही कमी दिसले.

आरएसव्ही रोखण्याचे दोन मार्गही आता निघाले आहेत. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईला द्यायची लस, आणि बाळाला द्यायचे एकदाच टोचायचे प्रतिपिंड. दोन्हींना २०२३ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. ज्या बाळांना ही सुरक्षा मिळेल त्यांची छाती तिसऱ्या वर्षी घरघरते की नाही, हे पाहण्यासारखे आहे. घरघर कमी झाली तर ती विषाणूनेच मागे ठेवलेली होती असे म्हणता येईल, आणि नाही झाली तर त्या बाळांची श्वासनलिका मुळातच तशी होती व विषाणूने ती फक्त उघड केली, असे मानावे लागेल. या दोहोंपैकी खरे कोणते, यावर शास्त्रज्ञांत अनेक वर्षे वाद चालू आहे. आजारपणाआधीचा आणि नंतरचा, एकाच बाळाच्या लंगोटातून घेतलेला कापसाचा बोळा त्यात साक्षीला उपयोगी पडेल.